तेरा घटकांची प्लेट

लेझर कटिंगसाठीच्या लहानसहान प्लेट, ब्रॅकेट यांची ड्रॉइंग मी लिब्रेकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर करतो. फुकट आहे, जुन्या मशिनवरही पळतं, आणि कटिंगवाल्याला लागणारी डीएक्सएफ फाइल त्यातून थेट निघते. परवा एक फाइल तपासायला आली, ती मात्र दुसरीकडे काढलेली. हौसेने कॅमेरा स्लायडर बनवणाऱ्याची मोटर प्लेट होती: ३ मिमी माइल्ड स्टील, ६० बाय ६० मिमी, कोपऱ्यांना ५ मिमीची त्रिज्या, मध्ये २२.५ मिमीचं भोक आणि भोवती ३.४ मिमीची चार. कटिंगवाल्याकडे प्लेट आधी २.३६ मिमीची उघडली. त्याने ती मोठी करून घेतली, तर कटची लांबी ६९० मिमी भरली.

ही मोटर नेमा १७ या ठरावीक मापाची. तिच्या स्क्रूंच्या केंद्रांतलं अंतर ३१ मिमी, ते ठरलेलंच असतं. मूळ फाइलमध्ये मोजलं तर १.२२०५. ३१ ला १.२२०५ ने भागलं की २५.४ येतात, म्हणजे ड्रॉइंग इंचातलं. डीएक्सएफच्या हेडरमध्ये एककाचा एक आकडा असतो: १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिलिमीटर. इथे ० होता, म्हणजे एककच नाही. मग समोरचं सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवतं. अशा वेळी ड्रॉइंग प्रेफरन्सेसमध्ये नुसतं युनिट बदलून भागत नाही, रेषा आहेत तेवढ्याच राहतात. सगळं निवडायचं, मॉडिफायमधून स्केल, आधारबिंदू ०,० आणि गुणक २५.४. मूळ प्रत ठेवायची नाही, नाहीतर कोपऱ्यात एक बारकी प्लेट तशीच उरते आणि तीही कापली जाते.

लांबीचा घोळ जास्त मजेशीर होता. हातानेच हिशेब करू: चार सरळ कडा २००, चार कोपरे मिळून ३१.४, मधलं भोक ७०.७, चार छोटी भोकं ४२.७. बेरीज ३४५ च्या आसपास. ६९० म्हणजे बरोबर दुप्पट. घटक मोजले तर चार रेषा, चार कंस, पाच वर्तुळं असे तेरा हवेत; सगळं निवडल्यावर खाली आकडा आला २६. प्रत्येक रेषेखाली तशीच दुसरी रेषा. थ्रीडी मॉडेल सपाट करून एक्सपोर्ट केलं की वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाच्या कडा अशा एकावर एक बसतात. डोळ्याला एकच दिसते, लेझर मात्र दोनदा फिरतो. पैसे दुप्पट, आणि कड जळते ती वेगळीच.

रेषेवर एकदा क्लिक करून डिलीट केलं, तरी ती जागेवर दिसली तर खाली जुळी आहे. तेरा घटकांना हे ठीक; शे-दोनशे असतील तर नवीन लेयरवर पुन्हा काढणंच लवकर होतं. फ्रीकॅड या थ्रीडी सॉफ्टवेअरमधून फाइल काढणाऱ्याने अख्खा सॉलिड न देता फक्त स्केच निवडून एक्सपोर्ट करावं, म्हणजे हा प्रकार होतच नाही.

फाइल आर१२ या डीएक्सएफच्या जुन्या आवृत्तीत सेव्ह करून दिली, कारण मशिनचे जुने कंट्रोलर स्प्लाइनवर, म्हणजे मुक्त वक्ररेषेवर, अडतात आणि आर१२ मध्ये स्प्लाइन नसतेच. पण त्या फॉरमॅटमध्ये एककाची नोंदही जात नाही, म्हणून फाइलच्या नावातच ‘६०x६० मिमी’ टाकलं आणि सोबत मापं लिहिलेली पीडीएफ जोडली. कापाची रुंदी, म्हणजे कापताना लेझर जेवढा पत्रा खातो ती, ड्रॉइंगमध्ये धरली नाही. ती मशिनवर भरपाई होते, दोन्हीकडे धरली की भोक लहान पडतं आणि २२ मिमीचा मोटरचा उंचवटा त्यात घट्ट होतो.