आमची वाटचाल : "रेंज किती?"

आम्ही मुळात सीसीटीव्ही बसवणारी माणसं. पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत छोटासा गाळा, दोन पोरं हाताखाली, आणि काम म्हणजे कारखान्याच्या एका शेडवरून दुसऱ्या शेडवर वायरलेस लिंक टाकणं. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारने ५ गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा परवानामुक्त केला आणि आमचं हे काम एकदम सोपं झालं. आपल्याला वायरलेस कळतं, असं तेव्हा आम्हाला वाटायचं.

वाघोलीकडचे एक खाणवाले आमचे कॅमेऱ्याचे जुने गिऱ्हाईक. सुरुंग उडवल्यावर एखादं भोक न उडता राहिलंय का, हे बघायला त्यांच्या फोरमनला पायी जावं लागायचं. "माणसाऐवजी कॅमेरा जाईल असं काही करा की," म्हणाले. तिथून रोव्हर, म्हणजे दुरून चालवायची कॅमेऱ्याची गाडी, सुरू झाला.

गाडी बनवणं अवघड गेलं नाही. भोसरीत लेझर कटिंग शेजारच्या गल्लीत, गिअर कापणारा त्याच्या पुढे, बोर्ड आणि कनेक्टर पुण्याच्या तपकीर गल्लीत, तिथे नाही मिळालं तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. आम्हाला खरं रडवलं ते गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र वायरलेसने ऑपरेटरपर्यंत आणण्याने.

गिऱ्हाईक हमखास ड्रोनचा दाखला देतं. "लग्नातल्या फोटोग्राफरचा ड्रोन पाच किलोमीटर जातो म्हणे, तुमची गाडी एक किलोमीटर का जात नाही?" प्रश्न रास्त आहे. ड्रोन आकाशात असतो, आमच्या गाडीचा अँटेना जमिनीपासून फूटभर वर. रेडिओलहरीला दोन टोकांमध्ये नुसती सरळ रेघ मोकळी असून पुरत नाही, त्या रेघेभोवतीचा फुगीर पट्टाही मोकळा लागतो. याला फ्रेनेल झोन म्हणतात. २.४ गिगाहर्ट्झवर एक किलोमीटरच्या अंतरात मधोमध त्याची त्रिज्या साडेपाच मीटरच्या वर जाते. गाडी जमिनीलगत असली की त्यातला निम्मा पट्टा मातीतच जातो. शिवाय जमिनीवरून उसळून आलेली लहर मूळ लहरीलाच मारते. मोकळ्या आकाशात अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौथाई उरतो. जमिनीलगत, काही अंतरानंतर, सोळावा हिस्सा.

यावर बाजाराचा उपाय एकच, पॉवर वाढवा. पण २.४ वर आपल्याकडे अँटेनाचा फायदा धरून चार वॅटची मर्यादा आहे. दुसरा उपाय स्वस्तात बसतो आणि कायद्यातही. सपाट जमिनीवर ऑपरेटरकडचा अँटेना दीड मीटरच्या स्टँडवरून सहा मीटरच्या खांबावर नेला, की पॉवर सोळापट केल्याइतका फरक पडतो. म्हणून आम्ही रोव्हरबरोबर घडीचा खांब देतो. "खांबाचे पैसे कशाला?" असं विचारणारे भेटतात. त्यांना आधी खांबाशिवाय चालवून दाखवतो.

खाणीत खांबही पुरत नाही. गाडी बेंचच्या, म्हणजे खाणीत कापलेल्या पायरीच्या, खाली उतरली की मध्ये अख्खा काळा पाषाण. तिथे बेंचच्या काठावर तिपाईवर एक रिपीटर, म्हणजे सिग्नल झेलून पुढे पाठवणारा रेडिओ, ठेवावा लागतो. २०२३ च्या ऑगस्टनंतर हे समजावणं फार सोपं झालं. चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर थेट पृथ्वीशी बोलत नव्हता, सगळं विक्रम लँडरच्या मार्फत. आता खाणवालेच म्हणतात, "विक्रम कुठे ठेवायचा?"

दुसरं दुखणं उशिराचं. साधं वायफाय प्रत्येक पॅकेटची पोच मागतं. सिग्नल पडला की तेच ते पुन्हा पाठवत बसतं, आणि पडद्यावर दिसतं ते शिळं चित्र. सोव्हिएत रशियाचा लुनोखोद रोव्हर १९७० साली चंद्रावर चालवला तेव्हा एकेक चित्र यायला कित्येक सेकंद लागायचे. माणसं बसून चालवायची. खाणीच्या काठावर तेवढा धीर परवडत नाही. ड्रोनच्या हौशी मंडळींनी यावर मोफत सॉफ्टवेअर करून ठेवलंय: पोच मागायचीच नाही, सोबत थोडी जादा माहिती पाठवायची आणि त्यातून हरवलेलं भरून काढायचं. चित्र फाटतं, चौकोन दिसतात, पण दिसतं ते आत्ताचं. आम्ही तेच उचललं. गाडीचे हुकूम मात्र वेगळ्या रेडिओवर, ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, लोरा या थोडीच माहिती पण लांबवर नेणाऱ्या पद्धतीवर. तिथे व्हिडिओ मावत नाही, पण "थांब" हा हुकूम लांब पोचतो. आणि तोही तुटला तर गाडी आपली आपण उभी राहते.

"पंधरा किलोमीटर" लिहिलेली ९०० मेगाहर्ट्झची रेडिओ मोड्यूल ऑनलाइन स्वस्तात मिळतात. तो पट्टा आपल्याकडे मोबाइल कंपन्यांचा आहे. आम्ही ती लावत नाही, आणि त्यापायी काही ऑर्डरी गेल्या, त्याला इलाज नाही. परवानामुक्त पट्ट्यातल्या उपकरणालाही डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची, ईटीए ही मान्यता लागतेच, ही गोष्ट अजून कितीतरी खरेदीदारांना सांगावी लागते.

बोगद्यात सगळं उलटं होतं. अरुंद, सरळ बोगद्यात वरची फ्रिक्वेन्सी जास्त लांब जाते आणि ८६५ आधी दम सोडतं. वळण आलं की दोन्ही संपतात. तिथे आम्ही वायरलेसचा हट्ट धरत नाही, सरळ केबल देतो. बिल कमी होतं, पण काम होतं.

आता कोटेशनमध्ये नुसते किलोमीटर लिहायचं बंद केलंय. अँटेना किती उंचीवर, मध्ये काय, आणि त्या स्थितीत किती मीटर, एवढं लिहितो. डेमो गिऱ्हाइकाच्याच जागेवर.

सध्याचं डोकं खाणारं काम जुन्नरकडचं. उसात बिबट्याची मादी पिलं घालते आणि तोडणीवेळी मजुरांची गाठ पडते. तोडणीआधी सऱ्यांतून गाडी फिरवून बघता येईल का, असं एका बागायतदारांनी विचारलंय. तीन मीटर उंच, पाण्याने भरलेला ऊस सिग्नल पिऊन टाकतो, आणि उसाच्या वर अँटेना काढावा तर काठी पाचटात अडकते. त्यामुळे मागे बारीक फायबरची रीळ सोडत जाणारी गाडी बांधतोय. सरी बदलताना फायबर तुटतं, ते अजून सुटलेलं नाही. गळीत हंगामाच्या आधी सुटलं तर त्यांच्या एका फडात चालवून बघू, नाहीतर यंदा नाही म्हणून कळवू.