तुम्ही विचारलंत म्हणून: त्या ताऱ्याचं काय झालं?

गेल्या 12 वर्षांत हा प्रश्न मला लग्नात विचारून झालाय, बाराव्याला विचारून झालाय, खानापूरच्या बसमध्ये मागच्या सीटवरून ओरडून विचारून झालाय. परवा बेळगावात रविवार पेठेत गूळ घेताना पुन्हा तेच. ‘काय ग, तुझ्या त्या ताऱ्याचं काय झालं की?’ दरवेळी मी ‘चाललंय काम’ म्हणून सटकते. आज सांगून टाकते.

एक तर तो तारा नव्हताच. रेडिओ स्रोत होता, म्हणजे आकाशातली रेडिओ लहरी सोडणारी एक जागा. पेपरवाल्यांना ‘सीमाभागाच्या कन्येने शोधला नवा तारा’ असा मथळा हवा होता, आणि त्यात ‘रेडिओ स्रोत’ बसत नव्हतं. दुसरं असं की तो स्रोतही नव्हता.

मी तेव्हा पुण्यात पीएचडी करत होते. विषय, तेज कमीजास्त होणारे रेडिओ स्रोत. आकाशाच्या एकाच तुकड्याची काही महिन्यांच्या अंतरानं घेतलेली रेडिओ चित्रं शेजारी ठेवायची आणि काय बदललं ते शोधायचं. बहुतेक वेळा काहीच बदललेलं नसतं. पण 2002 मध्ये अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीला आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेनं एक स्रोत दिसला होता. दर 77 मिनिटांनी साधारण 10 मिनिटांचा झोत, असे पाच झोत, मग शांत. पुढं आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 2003 मधल्या निरीक्षणातही त्याचा एक झोत सापडला. तो नेमका काय आहे हे अजून ठरलेलं नाही. असलं काही वाचलेल्या पोरीला एका चित्रात ठिपका दिसला, तीन महिन्यांनंतरच्या चित्रात तो दिसला नाही, तर तिनं काय समजावं?

मी आप्पांना फोन केला. हे कबूल करायलाच हवं. पेपरवाल्यांना मी कितीही बोल लावले तरी ‘नवीन काहीतरी सापडलंय’ हे वाक्य माझंच होतं. आप्पांनी ते चहाच्या टपरीवर सांगितलं, तिथून मंडळात गेलं, मंडळातून पेपरात. आठवड्याभरात सत्काराची पत्रिका छापून तयार. एकानं मला महाराष्ट्राची लेक केलं, दुसऱ्यानं कर्नाटकची मान उंचावली. ठिपका एक, दावेदार दोन. आपल्याकडं दुसरं काय होणार!

सत्कार रविवारी होता. शुक्रवारी संध्याकाळी लॅबमधल्या एका सीनियरनं माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, ‘त्या मोठ्या स्रोताच्या पलीकडं काय आहे ग?’

माझ्या ठिपक्याच्या जवळच एक प्रखर स्रोत होता. मी त्याच्या बरोबर उलट बाजूला, तेवढ्याच अंतरावर चित्र मोठं केलं. तिथं काळा खड्डा होता. माझ्या ठिपक्याएवढाच, पण उणे. रंगाची पट्टी ताणली तशी दोघांच्या मधून जाणारी फिकट रेघ दिसू लागली, तिच्याशेजारी आणखी एक, मग आणखी एक. नांगरलेल्या शेतासारखं दिसत होतं सगळं. जीएमआरटीत 45 मीटरच्या 30 अँटेना आहेत. त्यांच्या 435 जोड्यांच्या नोंदींतून चित्र उभं राहतं. एखाद्या अँटेनाचं कॅलिब्रेशन, म्हणजे तिच्या नोंदींचं मोजमाप जुळवणं, थोडा वेळ जरी बिनसलं, तरी प्रखर स्रोताचं तेज भलतीकडं सांडतं. एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. नोंदी तपासणं माझं काम होतं. दोन अँटेनांचा चाळीस मिनिटांचा डेटा माझ्या नजरेतून सुटला होता. तो फ्लॅग केला, म्हणजे खराब म्हणून वगळला, पुन्हा चित्र काढलं. पहाटेचे तीन वाजले होते. ठिपका गेला होता.

शनिवारी रात्री मी स्वारगेटहून बसमध्ये बसले. बेळगावात उतरले तर आप्पा पहाटे पाचला स्कूटर घेऊन उभे, इस्त्रीच्या सदऱ्यात. मागं बसून सांगायचं ठरवलं होतं. गोगटे सर्कल गेलं, रेल्वे फाटक गेलं, घर आलं.

स्टेजवर शाल, श्रीफळ, फेटा, कुंद्याचा बॉक्स. बोलायला उठले तेव्हा मी खरंच म्हटलं, ‘हे अजून तपासायचं आहे, चूकही असू शकते.’ लोकांना तो माझा विनय वाटला. टाळ्या पडल्या. चूक ‘असू शकते’? मला शुक्रवारपासून माहीत होतं.

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत राहिले की अशी चूक मोठमोठ्यांचीही होते. खोटं नाही ते. व्हीएलएच्या 22 वर्षांच्या जुन्या निरीक्षणांतून 2007 मध्ये 10 क्षणिक स्रोत जाहीर झाले. 2012 मध्ये तोच डेटा पुन्हा तपासला, तेव्हा निम्म्याहून जास्त एकतर डेटातली गफलत निघाले, नाहीतर अगदी जेमतेम दिसणारे. पण त्या लोकांनी फेटा बांधून घेतला नव्हता. आणि तेव्हाची मी म्हणते, आप्पांचा इस्त्रीचा सदरा तू बघितलास ना? मग? यावर माझ्याकडं आजही उत्तर नाही.

प्रबंध मी नंतर क्वेसारांवर, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांच्या अतिप्रखर केंद्रांवर, लिहिला. त्यांतल्या काहींचं तेज मुळात बदलतच नाही. मधल्या आंतरतारकीय वायूमुळं ते आपल्याला बदलल्यासारखं दिसतं. ते कुणी विचारत नाही.

आप्पांना मी आठ महिन्यांनी सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे नव्हताच?’

‘नव्हता.’

‘मग दिसला कसा?’

परीक्षकांनी विचारला त्यापेक्षा हा प्रश्न बरा होता. अँटेना, जोड्या, सांडलेलं तेज, सगळं सांगितलं. त्यांना किती पटलं कुणास ठाऊक. मलाही पुरतं पटलेलं नाही, कारण खराब डेटा काढल्यावरही त्या जागी तीन सिग्माचा, म्हणजे चित्रातल्या नेहमीच्या गोंगाटाच्या तिप्पट, उंचवटा उरतो. लाखो पिक्सेलच्या चित्रात तसले उंचवटे ढिगानं असतात, त्याला काडीचा अर्थ नाही. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. हार्ड डिस्क मात्र अजून कपाटात आहे.

गेल्या गणपतीआधी घराला रंग काढला तेव्हा सोप्यातली बातमीची फ्रेम खाली उतरवली होती. आप्पांनी काच पुसली, मला विचारलं, ‘लावू काय परत?’ मी काही बोलले नाही. त्यांनी लावली.