तुम्ही विचारलंत म्हणून : ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेला काय पाठ करायचं?

“मॅडम, नेटला बसतोय. काय काय पाठ करू?”

नेट म्हणजे प्राध्यापक, ग्रंथपाल होण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिचे अर्ज सुटले की हा प्रश्न येतोच. कधी देवघेवीच्या काउंटरवर, कधी फोनवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत पानावर बसल्यावर. विचारणारी मुलं एम.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी, करत असतात नाहीतर नुकतीच पास झालेली असतात. कुणी गावच्या वाचनालयात तुटपुंज्या मानधनावर काम करतं, कुणी कॉलेजात कंत्राटी सहायक असतं. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.ला ५५ टक्के आणि वर नेट किंवा राज्याची सेट, हे त्यांना पक्कं माहीत असतं. घरच्यांचे डोळे त्या निकालाकडे लागलेले असतात. त्यामुळे हा प्रश्न मी कधी वरवर घेतला नाही. पण उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अपुरं पडतं आणि मागाहून चुटपुट लागते, म्हणून आज बसून लिहिते.

पाठ करण्यासारखं पुष्कळ आहे, ते पुढे सांगते. पण सुरुवात तिथून करू नका. आधी घरातली दहा पुस्तकं काढा, कुठलीही, आणि प्रत्येक पुस्तक कशाबद्दल आहे ते एकेका वाक्यात लिहा. मुखपृष्ठावरचं नाव उतरवून काढायचं नाही. प्रस्तावना आणि अनुक्रमणिका वाचायची, मग लिहायचं. दहा वाक्यांना दोन दिवस लागतील. लागू द्या.

हे का सांगते, त्यासाठी माझ्या बी.लिब.च्या प्रॅक्टिकलकडे जावं लागेल.

वर्गीकरणाचं प्रॅक्टिकल म्हणजे पुस्तकं उघडी ठेवून द्यायची परीक्षा. समोर ड्युईच्या दशांश वर्गीकरणाची, म्हणजे पुस्तकांना विषयाप्रमाणे अंक देणाऱ्या पद्धतीची, एकोणिसावी आवृत्ती, १९७९ची, तीन जाडजूड खंड. पहिल्यात स्थळ वगैरे दाखवणाऱ्या जोड-अंकांचे तक्ते, दुसऱ्यात वर्गांक म्हणजे विषयांचे अंक, तिसऱ्यात निर्देश म्हणजे विषयांची वर्णानुक्रमे सूची. प्रश्नपत्रिकेत फक्त शीर्षकं असतात आणि प्रत्येकापुढे वर्गांक तयार करून लिहायचा असतो. आम्हाला दोघींत एक संच होता. शेजारची मुलगी निर्देशाचा खंड घेऊन बसली की मी तक्ते चाळायचे. सगळ्या हॉलमध्ये पानांच्या सळसळीखेरीज आवाज नव्हता.

एक शीर्षक होतं ‘महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये’. ते बघून मला हायसं वाटलं. सार्वजनिक ग्रंथालयं ०२७.४, पाठ. महाराष्ट्र दुसऱ्या तक्त्यात ५४७९२, तेही पाठ. आणि स्थळ जोडायच्या आधी ०९ लावायचं, हा नियम तर आम्ही परवचा म्हणावा तसा म्हणत असू. खंड न उघडता मी लिहून टाकलं ०२७.४०९५४७९२ आणि पुढच्या शीर्षकाकडे वळले. बाहेर पडल्यावर शेजारचीनं विचारलं, “त्या ०२७.४च्या खालची सूचना वाचलीस ना गं?” मी वाचली नव्हती. तिथं स्थळाचा अंक थेट जोडायला सांगितलेलं आहे, ०९ची गरजच नाही. उत्तर होतं ०२७.४५४७९२. तिन्ही तुकडे मला पाठ होते, आणि पाठ होते म्हणूनच मी पान उघडलं नाही.

आमच्या सरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “अंकाखालची बारीक अक्षरं वाचत जा. आपलं अर्धं काम तिथंच असतं.” नोकरीला लागल्यावर हे वाक्य मला रोज आठवतं.

शीर्षकावर विसंबता येत नाही, हे तर ऊस शिकवतो. आमच्या भागात उसावरची पुस्तकं भरपूर येतात. बेणं कसं निवडायचं, पाणी किती द्यायचं, हे सांगणारं पुस्तक जातं ६३३.६१ला, शेतीच्या फळीवर. त्याच उसाची साखर कशी होते हे सांगणारं ६६४.१२२ला, अन्नतंत्रज्ञानात. सभासद, भागभांडवल, संचालक मंडळ असा मजकूर असेल तर ३३४, सहकार. तिन्ही पुस्तकांच्या मुखपृष्ठावर उसाचा फडच असतो, आणि तिघांचे वाचकही बरेचदा एकाच घरातले असतात. ड्युईच्या पद्धतीत वस्तू कोणती यापेक्षा तिच्याकडे कोणत्या ज्ञानशाखेतून पाहिलं आहे हे आधी बघतात. त्यामुळे एकाच वस्तूवरची पुस्तकं वेगवेगळ्या कपाटांत जातात आणि त्या सगळ्या जागा एका ठिकाणी दाखवायचं काम निर्देश करतो. सापेक्ष निर्देश म्हणतात तो हाच. नेटला ‘सापेक्ष निर्देश हे कोणत्या पद्धतीचं वैशिष्ट्य?’ असं विचारलं तर कुणीही ड्युईवर खूण करील. प्रश्न जरा फिरवून विचारला की मात्र गाईड वाचलेला मुलगा थांबतो. उसाची तीन पुस्तकं हाताळलेला थांबत नाही.

द्विबिंदू वर्गीकरणाला, म्हणजे आपल्या ‘कोलन’ला, मुलं फार घाबरतात. तिथं जरा थांबते, कारण ही भीती विनाकारण आहे आणि तिच्यापायी चांगली मुलं गुण घालवतात.

ही पद्धत रंगनाथनांची. ते मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि हा विषय शिकायला लंडनला गेले. तिथं एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. पट्ट्या, चाकं, नटबोल्ट तेच, पण जोडणी बदलली की कधी गाडी, कधी क्रेन. विषयसुद्धा असेच सुट्या भागांतून जोडता येतील, हे त्यांना तिथं सुचलं आणि १९३३ साली त्यांची पद्धत छापून आली.

वर्गात हमखास दिलं जाणारं एक उदाहरण घेऊ. ‘फुफ्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी करायच्या उपचाराबाबत १९५०च्या दशकात भारतात झालेलं संशोधन’. याचा वर्गांक असा :

एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५

बघताक्षणी घाम फुटतो, मान्य. पण बोट ठेवून सावकाश वाचा. एल म्हणजे वैद्यक. मग स्वल्पविराम आणि ४५, फुफ्फुस. अर्धविराम, ४२१, क्षय. दोन टिंबं आली की काहीतरी क्रिया घडते आहे असं समजायचं. ६ म्हणजे उपचार. तो कशानं? २५३, क्ष-किरणांनी. पुन्हा दोन टिंबं, एफ, संशोधन. मग एक टिंब म्हणजे स्थळ, ४४ भारत. शेवटी वर एकेरी खूण म्हणजे काळ, एन५, १९५०चं दशक. व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश, काळ हा क्रम मुलं इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पीमेस्ट’ म्हणून घोकतात, तो या ओळीत समोर उभा आहे. हे सगळं अंकांशिवाय, साध्या मराठीत आधी करता येतं. कागदावर लिहा : वैद्यक, फुफ्फुस, क्षय, उपचार, क्ष-किरण, संशोधन, भारत, १९५०चं दशक. तुकडे बरोबर पडले की अंक पुस्तकात सापडतातच. तुकडे चुकले तर अंकांची सगळी अनुसूची पाठ असूनही उपयोग नाही. आणि तुकडे पाडायची सवय त्या दहा वाक्यांतून लागते, म्हणून ती वाक्यं आधी.

कॅटलॉगिंगबद्दल थोडंच सांगते. आता सगळीकडे संगणकावर ‘मार्क’ या नोंदपद्धतीची क्षेत्रं, म्हणजे रकाने, भरतात, १००ला लेखक, २४५ला शीर्षक. तरीही एकदा स्वतःच्या हातानं पाच बाय तीन इंचाचं कार्ड आखून नोंद लिहा. कुठली ओळ कुठून सुरू होते हे हाताला कळलं की क्षेत्रांचे अंक डोक्यात बसतात. रंगनाथनांच्या तालिकासंहितेत, म्हणजे कॅटलॉगच्या नियमांच्या पुस्तकात, बोधांक (पुस्तकाची फळीवरची जागा सांगणारा अंक) पेन्सिलनं लिहायचा असतो, बाकीची नोंद शाईनं. पुढं कधी बदलावा लागला तर खोडता यावा म्हणून. मला ही सूचना फार आवडते.

आता पाठांतर. सनावळी पाठ करावीच लागते, कारण कालक्रम लावा, जोड्या जुळवा हे प्रश्न नेटला ठरलेले. पण सुटी सनं आठ दिवसांत उडून जातात. ती माणसांना बांधून ठेवा. सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बडोद्याला आणलं आणि १९११ला तिथं ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. चार वर्षांनी, १९१५ला, लाहोरला पंजाब विद्यापीठात दुसरे अमेरिकन, आसा डॉन डिकिन्सन. मग मद्रासमध्ये रंगनाथन : १९३१ला ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं, १९३३ला कोलन, १९३४ला तालिकासंहिता. कायद्यांचंही तसंच. कोल्हापूर संस्थानानं १९४५लाच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. मद्रासचा १९४८चा, आपला महाराष्ट्राचा १९६७चा. मद्रासनं ग्रंथालयांसाठी उपकर ठेवला, महाराष्ट्रानं ठेवला नाही. आपल्याकडे संस्था वाचनालय चालवतात आणि शासन दर्जाप्रमाणे अनुदान देतं. तुमच्या गावच्या वाचनालयाच्या पाटीवर ‘तालुका अ’ किंवा ‘इतर ब’ असं लिहिलेलं असतं, ते याच कायद्यातून आलेलं आहे. पुढच्या वेळी पाटी दिसली की १९६७ आठवेल.

पेपरचं स्वरूप एका दमात सांगते : पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा आपल्या विषयाचा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण, तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही. पहिल्या पेपरला कमी लेखू नका, आपली मुलं तिथंच मार खातात.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. २०१२च्या आधी नेटचा तिसरा पेपर लिहायचा असायचा. त्यात अमुक पुस्तक इथं का ठेवलं, तिथं का नाही, हे मांडायला जागा होती. आता चार पर्याय आणि एक खूण. हजारो पेपर तपासायचे तर दुसरा मार्ग नसेल, हे मी समजू शकते. पण ग्रंथपालाला दिवसभर जे करावं लागतं ते ‘का’चं काम आहे, आणि तेच परीक्षेतून गेलं. म्हणून एम.लिब.चे लेखी पेपर आणि प्रॅक्टिकल उरकून टाकू नका, असं मी परोपरीनं सांगते. ‘का’ विचारणारी परीक्षा आता तेवढीच उरली आहे.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला होता. वाचनालयात काम करणारा, शांत. त्याला दहा पुस्तकांचं सांगितलं. पंधरा दिवसांनी वही घेऊन आला. नऊ वाक्यं चांगली होती. दहावं पुस्तक घरातली ज्ञानेश्वरी, आणि त्या पानावर नुसती खाडाखोड. आधी ‘गीतेवरील मराठी टीका’ लिहून खोडलं होतं, मग ‘मराठी काव्य’ लिहून खोडलं होतं.

“मॅडम, दोन्ही बरोबर आहेत. काय धरू?”

गीतेबरोबर ठेवायची तर २९४.५९२४. मराठी काव्य म्हणून ठेवायची तर ८९१.४६१. एक धर्माच्या कपाटात, एक साहित्याच्या. मी दोन्ही अंक सांगितले नाहीत, त्यालाच काढायला लावले. त्याने काढले. मग मी विचारलं, “तुझ्याकडे ज्ञानेश्वरी मागायला कोण येतं रे?”

तो विचार करून म्हणाला, “श्रावणात पारायणाला बसणाऱ्या बायका. त्या येऊन थेट पोथ्यांच्या कपाटाशीच जातात. आणि मराठी एम.ए.ची दोन मुलं आहेत, ती कवितांच्या कपाटात बघतात आणि नाही म्हणून परत जातात.”

“मग?”

त्यानं वहीत २९४.५९२४ लिहिलं. त्याखाली एक कार्ड आखलं, त्यावर ८९१.४६१ टाकून ‘पाहा’ असं लिहिलं, म्हणजे कवितांकडे आलेल्यालाही वाट कळावी. दोन्ही अंक त्यानं पेन्सिलनं लिहिले होते.