सिंहगड चढाई शर्यत: वेळा आणि नंबर अखेर जुळले

जुळलं! वेळा ३८, धावणाऱ्यांच्या नंबरांच्या पट्ट्या ३८, आणि टेलवाले, म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारे आमचे गडी, वर पोचल्यावर दहा मिनिटांच्या आत अख्खा निकाल वाचून दाखवला. एकाचीही तक्रार आली नाही. पावसाळ्यातल्या शर्यतीत वेळा आणि नंबर जुळलेच नव्हते; ती कहाणी ज्यांनी वाचली आहे, त्यांना या दोन आकड्यांची किंमत सांगायला नको.

वाट नेहमीचीच, आतकरवाडी ते पुणे दरवाजा. अडीच-तीन किलोमीटरांत सुमारे ६०० मीटर चढ. इंग्लंडात फेल रेसला, म्हणजे डोंगरावरच्या धावण्याच्या शर्यतीला, ‘ए’ वर्ग मिळायला किलोमीटरमागे सरासरी ५० मीटर चढ लागतो. आपली वाट त्याच्या चौपट उभी आहे. घराजवळ असली वाट असणं हे भाग्य आहे. या वेळी कामाचा वार आणि सकाळी सहाची सुरुवात ठेवली. रविवारी या वाटेवर शर्यत घेऊच नये, हे माझं मत आता पक्कं झालंय. लहान मुलं, आजी-आजोबा, सरबतवाले या सगळ्यांची ती वाट आहे. त्यांना बाजूला व्हायला लावून धावण्यात काही अर्थ नाही.

आता मूळ दुखणं. पावसाळ्यात आमच्याकडे वेळा ४७ होत्या आणि नंबर ४६. वाचायला किरकोळ वाटतं, पण एक जास्तीची वेळ कुठे घुसली ते कळलं नाही, तर तिच्या पुढच्या प्रत्येकाला भलत्याचीच वेळ मिळते. दरवाज्याच्या खालच्या पायऱ्यांवर पाच-सहा जण एकदम येतात, धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि मध्येच एखादा ट्रेकर बूट-शॉर्ट्स घालून दणादण चढत येतो. घड्याळाचं बटण दाबणारा त्याला धावणारा समजून दाबतो. नंबर लिहिणाऱ्याला त्याच्या छातीवर नंबर दिसत नाही, म्हणून तो लिहीत नाही. झाली एक वेळ जास्त.

त्या वेळी आम्ही ती चूक शोधली धावणाऱ्यांच्या मनगटावरच्या घड्याळांवरून. यादीच्या मधल्या एकाला विचारलं: तुझ्या घड्याळात किती? जुळलं, म्हणजे गडबड त्याच्या खाली. मग खालच्या अर्ध्याच्या मधल्याला विचारलं. असं अर्धं-अर्धं करत गेलं की पाच-सहा जणांतच घोळाची जागा सापडायला हवी. पण प्रत्येक जण घड्याळ आपापल्या सवडीने चालू करतो नि बंद करतो, त्यात पाच-दहा सेकंदांचा फरक पडतोच, आणि घोळक्यात दोघांतलं अंतर असतं दोन-तीन सेकंदांचं. एकट्या-दुकट्या आलेल्यांपर्यंत ही युक्ती चालते, नेमकी घोळक्यात थिटी पडते. आणि घोळ होतो तो घोळक्यातच. शेवटी सहा जणांना ‘वेळ अंदाजे’ अशी खूण करून निकाल लावावा लागला. तासाभरात पूर्ण जीव ओतून चढलेल्या माणसाच्या नावापुढे ‘अंदाजे’ लिहिणं मला अजून टोचतं.

म्हणून या वेळी सगळी रचनाच बदलली. वेळ घेणारा फक्त वेळ घेणार, त्याने नंबर बघायचाच नाही. क्रम जपणारा फक्त क्रम जपणार. शेवटच्या रेषेपुढे दोरी लावून एका माणसाच्या रुंदीची दहा-बारा पावलांची गल्ली केली. रेषा ओलांडली की आत शिरायचं आणि कुणी कुणाला ओलांडायचं नाही. गल्लीच्या टोकाला प्रत्येकाच्या बिबची (छातीवरच्या नंबराच्या कागदाची) पट्टी फाडून तारेत खोचायची. तार म्हणजे वाण्याच्या दुकानात बिलं टोचायला असते तीच, लाकडी बुडाची. सगळ्या सामानात स्वस्त वस्तू ही, आणि सगळ्यात विश्वासाची. एकदा खोचलेली पट्टी वाऱ्याने उडत नाही, क्रम बदलत नाही, बॅटरी संपत नाही.

खरी किल्ली मात्र पुढची. दर पाचव्या माणसाला वेळवाला मोठ्याने ओरडतो, ‘पाच!’, ‘दहा!’, आणि रेषेवरचा तिसरा गडी त्या माणसाचा नंबर आणि घड्याळातली वेळ वहीत टिपतो. म्हणजे दोन याद्या दर पाच जणांनी एकमेकींना टाचल्या जातात. मध्ये एखादी वेळ जास्त पडली तरी घोळ त्या पाचांतच अडकतो, पुढे सरकत नाही. आणि झालंही तसंच! १६ ते २० मध्ये एक वेळ जास्त आली. वहीत विसाव्याचा नंबर होता, पण तारेवरची ती पट्टी एकोणिसावी निघाली. मग पाच वेळा आणि चार पट्ट्या एवढंच कोडं उरलं, आणि रेषेवरच्या गड्याला मध्येच घुसलेला लाल टोपीवाला ट्रेकर आठवत होता. मिनिटभरात वेळ खोडली. सगळ्या सकाळीतला तो क्षण मला सगळ्यात आवडला.

घड्याळांचं कोडंही सुटलं. सुरुवात खाली, शेवट वर, मध्ये डोंगर. वॉकीटॉकी डोंगराच्या सोंडेआड गेली की गप्प होते आणि फोनची रेंज मनाला येईल तशी. त्यामुळे ‘सोडलं!’ असं वर कळवण्यावर विसंबणं सोडून दिलं. पाच वाजता आतकरवाडीत दोन स्टॉपवॉच शेजारी धरून एकदम चालू केली. एक वर नेलं, एक खाली ठेवलं. शिट्टी वाजली तेव्हा खालच्यात काय आकडा होता तो लिहून ठेवला आणि नंतर सगळ्या वेळांतून तेवढा वजा केला. क्वार्ट्झ घड्याळ दोन-तीन तासांत जेवढं मागेपुढे होतं, ते आपल्या कामाला नगण्य आहे.

स्टॉपवॉच घेणार असाल तर लॅप, म्हणजे बटण दाबून घेतलेल्या वेळा, किती साठवतं ते आधी बघा. दहा लॅपवालं घेऊन काही उपयोग नाही, शंभरवालं घ्या. बुधवार पेठेत फिरलात तर मिळतं. फोनमधल्या ॲपबद्दल माझं मत बदललेलं नाही: ओल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही, आणि आपला निम्मा हंगाम ओलाच असतो. लिहायला पेन्सिल, दमट कागदावर बॉलपेन घसरतं, पेन्सिल उमटते. बिब छापून देणाऱ्याने मागच्या खेपेला इंकजेटवर छापून दिले होते, घामाने ७ चा १ झाला. या वेळी न फाटणारा कागद घेतला, नंबर जाड मार्करने हातानेच काढले आणि पट्ट्यांपुरती भोकांची रेघ मारून घेतली. चिप टायमिंगची, म्हणजे अंगावरच्या टॅगवरून आपोआप वेळ घेण्याची, चौकशी केली होती, पण चाळीस माणसांसाठी ते भाडं परवडत नाही. शिवाय त्यातला यूएचएफ (रेडिओलहरींवर चालणारा) टॅग घामाने भिजलेल्या अंगाला चिकटला की नीट वाचला जात नाही. पाणी त्या लहरी शोषून घेतं.

पट्ट्या या वेळी दोन होत्या. खालची सुरुवातीच्या रेषेवर फाडून पिशवीत टाकायची, वरची शेवटी तारेत. नोंदणी केली पण आलाच नाही, असे दोन-तीन जण नेहमी असतात. पिशवीतल्या पट्ट्या सांगतात की डोंगरावर नक्की कोण आहे. पिशवीत ३९ निघाल्या, तारेवर ३८. एक जण वाटेत आहे. टेलवाले तर पोचले होते! तीन-चार मिनिटं माझा जीव टांगणीला लागला. मग खालून निरोप आला, २७ नंबरवाला पाय मुरगळल्याने अर्ध्यातून उतरून गाडीपाशी बसलाय, ठीक आहे. निकालाची यादी आधी माणसं मोजण्यासाठी असते, पहिला-दुसरा नंतर. पुढच्या वेळेपासून नियम: शर्यत सोडली तर वरची पट्टी टेलवाल्याच्या हातात द्यायची, मगच उतरायचं.

घोळका मुळात होऊच नये म्हणून काय करावं, यावर हे लिहिता लिहिताच विचार चाललाय. एकेकाला अर्ध्या मिनिटाने सोडलं तर दरवाज्यात कोंडी होणार नाही, पण शेजारचा पुढे जातोय हे दिसल्याशिवाय त्या शेवटच्या पायऱ्यांवर पाय उचलत नाहीत. शर्यतीचा जीवच जातो. त्यापेक्षा तीन गट करावेत, वेगवान गट आधी, मध्ये दोन-दोन मिनिटं. हळू गट आधी सोडला तर सगळे दरवाज्यात एकत्र येऊन कोंडी वाढेल, म्हणून क्रम तोच हवा. बिब गटाप्रमाणे १ पासून, १०१ पासून, २०१ पासून; म्हणजे नंबर बघूनच कुठल्या शिट्टीची वेळ वजा करायची ते कळेल. अडचण एकच, दुसऱ्या गटातला कुणी भन्नाट चढला तर तो वर आठवा येऊन कागदावर तिसरा ठरेल. बक्षीस पहिल्या गटातच द्यायचं की सगळ्यांच्या वेळेवर? माझा कल वेळेकडे आहे, पण मग गट स्वतः निवडू द्यायला हवा.

खरं तर हा प्रयोग आधी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर करून बघावा. तिथे फेरी करून परत आरंभाशी येता येतं, एकच घड्याळ पुरतं, आणि कामाच्या दिवशी सकाळी पाषाणच्या बाजूला गर्दी कमी असते. वाट दोन ठिकाणी फुटते, तिथे मार्किंग रिबनऐवजी माणूस उभा करावा लागेल. रिबन कुणी ना कुणी काढून नेतंच. दोन माणसं मिळाली आहेत, आणखी एक हवाय. तारखा ठरल्या की कळवतो, तोवर गल्लीची दोरी सहा पावलांनी वाढवून ठेवतोय.