भिंत उघडता आली पाहिजे

जुनी मोटरहोम बघायला गेलं की लोक इंजिनचा आवाज ऐकतात, टायर दाबून बघतात, शेगडी पेटते का बघतात. मी आता सरळ सोफ्यामागे डोकं घालते आणि वास घेते. इंजिनला मेकॅनिक मिळतो, गल्लोगल्ली मिळतो. ओल धरलेल्या भिंतीला कोणी वाली नसतो. सुतार म्हणतो हे गाडीचं काम, गॅरेजवाला म्हणतो हे लाकडाचं काम.

आमची गाडी मुळात फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर. आधीच्या मालकानं कुठल्याशा बॉडीवाल्याकडून तिच्यात पलंग, ओटा, सिंक असं सगळं बसवून घेतलेलं. आमच्याकडे आली तेव्हा चांगली जुनी होती. सोसायटीच्या पार्किंगच्या छताखाली ती मावत नाही आणि उघड्यावर लावायला कमिटीची हरकत, म्हणून ती धायरीला मामाच्या प्लॉटवर असते. मामा आयुष्यभर त्याच कंपनीत, आकुर्डीला टूलरूममध्ये होता. बजाज टेम्पोचं फोर्स मोटर्स होऊन २००५ पासून इतकी वर्षं झाली, तरी मामाच्या तोंडी 'आमची टेम्पो'च. त्यामुळे गाडी तिथे लावू का, हे विचारावं लागलं नाही. चावी कधी देतेस, एवढंच त्यानं विचारलं.

उजव्या बाजूच्या खिडकीखाली सनमायकाला फुगवटा आला होता. अंगठ्यानं दाबला की आत जायचा, सोडला की परत वर. कुबट वास तर ऐन थंडीतही जाईना. बोटांनी ठोकत खाली आलं की वर टणक आवाज, खिडकी ओलांडली की एकदम बद्द. टोच्या लावला, तर तो जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला.

ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, ऊपर से नया सनमायका मार देते हैं, कुछ दिखेगा ही नहीं." मामा तिथेच खुर्ची टाकून पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "दिखेगा नहीं, हीच तर भानगड आहे."

मग उघडलीच. सनमायका एका हिसक्यात निघाला. खालच्या सहा एमएम कमर्शियल प्लायचे थर खारीसारखे हातात आले. त्यामागे थर्माकोलचे तुकडे, पत्र्याला कुठे टेकलेले, कुठे न टेकलेले, आणि मधल्या फटीत काळी बुरशी. सगळ्यात खालची आडवी लाकडी रीप नखानं उकरता येत होती. इथे एक सांगते, बुरशी कोरडी असताना ब्रशनं झाडू नका, सगळी नाकात जाते. तोंडाला एन ९५ मास्क, दारं-खिडक्या उघड्या, आणि ओल्या फडक्यानं पुसून काढायची.

रचनाच अशी होती की कुजणं ठरलेलंच. बाहेरून पत्रा, आतून सनमायका. दोन्हींतून पाणी जात नाही, हा फायदा म्हणून सांगतात. पण दोन्हींच्या मध्ये एकदा शिरलेलं पाणी बाहेर पडणार कसं, हे कोणी सांगत नाही. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कोकणाच्या मानानं काहीच नाही. भिजणं हे भिंतीचं दुखणं नव्हतंच. तिला वाळायला वाव नव्हता. माझं या सगळ्या कामातलं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचं प्रत्येक ठरवणं त्यावरून आलं.

पण आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं होतं. डाग खिडकीखाली, म्हणून सगळ्यांचा संशय खिडकीच्या रबरावर. मामानं बागेचा पाइप आणला आणि मला टॉर्च देऊन आत बसवलं. त्याची पद्धत खालून वर जाण्याची. आधी फक्त चाकाच्या वरचा पत्रा भिजवायचा, थोडं थांबायचं, मग खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, आणि सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली की पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि कोणत्या फटीतून शिरलं ते कळायला मार्ग राहत नाही.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"कोरडं आहे रे."

खिडकी पूर्ण भिजली तरी आत थेंब नाही. मग पाइप खिडकीच्या वर, ऑनिंगच्या, म्हणजे बाहेर उघडायच्या कापडी छपराच्या पट्टीपाशी गेला आणि दोन-तीन मिनिटांत उभ्या रिबवरून, म्हणजे सांगाड्याच्या लोखंडी बरगडीवरून, एक बारीक धार आली. ती रिबवरून खाली, आडव्या रिपेवर, आणि रिपेवरून प्लॉटच्या उताराच्या दिशेनं पुढे. गळती एकीकडे, डाग हातभर दूर. ऑनिंग बसवताना पत्र्याला भोकं पाडून साधे लोखंडी स्क्रू पिळले होते आणि वरून सिलिकॉन फासलं होतं. स्क्रू गंजले, सिलिकॉनची पकड सुटली.

सिलिकॉनवर माझा राग आहे, तो इथे काढून घेते. बाथरूममध्ये ठीक आहे. गाडीच्या पत्र्यावर ते एकदा लागलं की त्याच्यावर रंग बसत नाही, दुसरं सीलंट बसत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धड बसत नाही. आणि पुसून काढलं तरी त्याचा तेलकट थर उरतो. ब्लेडनं खरवडून, खास रिमूव्हर लावून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुन्हा पुन्हा पुसण्यात माझी अख्खी दुपार गेली. नंतर पट्टीखाली ब्युटाइल टेप (चिकट रबराची पट्टी), न गंजणाऱ्या स्टेनलेस ३०४ चे स्क्रू आणि कडेनं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट. पीयू हवेतल्या दमटपणावरच पिकतं, म्हणून ढगाळ हवेला घाबरायचं कारण नाही; फक्त ज्यावर लावायचं तो पत्रा कोरडाठाक हवा. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर खोलवर पिकतं, तेव्हा जाड थर लावून लगेच गाडी काढायची घाई करू नये.

उरलेल्या बारीक गळत्यांसाठी मामानं कुठूनतरी ऐकलेली युक्ती केली. सगळ्या खिडक्या बंद, एका खिडकीत पुठ्ठा आणि त्यातून ब्लोअरची हवा आत. बाहेरून सांध्यासांध्यावर साबणाचं पाणी फवारायचं. मामीनं रिठे उकळून दिले, फेस झकास आला. छपराच्या कोपऱ्यातल्या पार्किंग दिव्याच्या वायरीपाशी बुडबुडे फुगायला लागले. तिथलंही उखडून नीट भरलं.

एवढं झाल्यावरही मला वाटत होतं की ही सगळी ओल पावसाची नाही. थर्माकोलमागची बुरशी खिडकीपासून लांब, ऑनिंगच्या दुसऱ्या टोकाकडेही होती, जिथे पाइपनं काही आलं नव्हतं. हिशेब सोपा आहे. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. चहा, भात, अंघोळीचं पाणी, वर रात्रभर दोन माणसांचे श्वास. महाबळेश्वरला जानेवारीत खिडक्या लावून झोपलं की ही वाफ भिंतीच्या फटींतून थंड पत्र्यापर्यंत पोचते आणि तिथे तिचे थेंब होतात. थर्माकोल पत्र्याला चिकटलेला नव्हता, म्हणून तिला तिथे मोकळी जागाच होती.

म्हणून थर्माकोल बाद. ग्लासवूल पाणी धरून ठेवतं, तेही बाद. एसीच्या डक्टला लावतात ती काळी नायट्राइल रबरची शीट आणली आणि ती पत्र्यालाच, हवा राहू न देता, चिकटवली. त्याआधी गंजलेल्या रिबा तारेच्या ब्रशनं घासून, रस्ट कन्व्हर्टर लावून त्यावर प्रायमर मारला. मागच्या वायरी नुसत्या टेपनं जोडलेल्या निघाल्या. त्यांची कहाणी वेगळी आहे. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून फ्लेक्झिबल पाइप आणि नीट कनेक्टर आणून ते प्रकरण मिटवलं.

वाळवण्याला मात्र मन घट्ट करावं लागतं. भिंत उघडी, सोफा बाहेर, गाडी निरुपयोगी, आणि नवरा रोज विचारतोय की कधी निघायचं. चैत्र-वैशाखात पुण्याची दुपारची हवा इतकी कोरडी असते की याहून चांगला मुहूर्त नाही. दोन सुयांचा मॉइश्चर मीटर घेतला होता. शाबूत राहिलेल्या रिपेत सुरुवातीला अठ्ठावीस टक्के दाखवत होता. वीसच्या वर राहिलं की कुजण्याचा धोका असतो, त्यामुळे नुसतं हाताला कोरडं लागतंय यावर जायचं नाही. मध्येच एक वळीव आला, तेव्हा ताडपत्री धरून आम्ही तिघं उभे. आकडा बाराला आला तेव्हा कुठे मामानं मान डोलावली. रिपांना टंकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून दोन हात दिले. बुरशी आणि वाळवी दोन्हींना चालतं. पाण्यानं धुऊन जातं, पण तिथे परत पाणी येऊच द्यायचं नाही हेच तर सगळं काम.

प्लायसाठी भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. पाण्यात टिकणारा मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा. शिक्का शीटवर असतो, आणि तो बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. त्या मानकात नमुना ७२ तास उकळतात आणि थर सुटता कामा नयेत. कमर्शियलमधला युरियाचा गोंद ओलीत टिकत नाही, मरीनमधला फिनॉलचा टिकतो. मामाला शिक्क्यावर विश्वास नव्हता. त्यानं दुकानदाराकडून दोन्हींचे कापलेले तुकडे मागून घेतले आणि अंगणातल्या शेगडीवर मामीच्या जुन्या कुकरात उकळत ठेवले. संध्याकाळपर्यंत कमर्शियलचे कोपरे पिस्कटले, मरीनचा तुकडा रंग सोडून जसाच्या तसा. मामी म्हणाली, "परीक्षा झाली असेल तर नवा कुकर आणा. ह्याच्यात आता मी वरण लावणार नाही."

भिंतीला बाक आहे, म्हणून सहाऐवजी चार एमएम घेतलं. ते रिबांवर नीट वाकतं आणि वजनही वाचतं; सहा एमएमची आठ बाय चारची शीट बारा-तेरा किलो भरते. माप पुठ्ठ्यावर काढलं. प्लाय पाणी पितं ते कडेतून, त्यामुळे प्रत्येक कडेला आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकात इपॉक्सी भरली. तोंडाला सनमायका नाही, नुसता रंग.

आणि मग मिस्त्री परत आले. तासणं, बसवणं त्यांच्याइतकं सुबक आम्हा दोघांना जमणार नव्हतं, हे मान्य. त्यांनी डबा उघडला आणि म्हणाले, "फेविकॉल से चिपका देंगे, लाइफटाइम नहीं निकलेगा." मी म्हटलं, भैया, मला निघायलाच हवंय. त्यांना वाटलं माझी काहीतरी चूक होतेय. मामानं रिबांना एम ५ चे रिवेट नट, म्हणजे पत्र्यात कायमचे बसणारे आट्याचे नट, मारून ठेवले होते, भिंत त्यांवर स्क्रूनं बसणार होती, पितळी कप वॉशरसकट. खालची फूटभर पट्टी वेगळी आहे, पीव्हीसी फोम बोर्डची. ती कुजत नाही. सगळी भिंत त्याचीच का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. उन्हात तापून पीव्हीसी मऊ पडतं, लांब शीट लाटा धरते. फूटभर पट्टीला ते सोसतं. पट्टी आणि जमीन यांच्यात बोटभर फट ठेवली आहे, वरच्या कडेलाही. दोन्हीकडून हवा खेळते. मिस्त्रींना ती फट अजिबात आवडली नाही. जाताना त्यांनी तिथे बीडिंग लावून देऊ का, असं दोनदा विचारलं.

जुलैत एका मंगळवारी ताम्हिणीला गेलो. मंगळवारी, कारण शनिवार-रविवारी तिथे पाऊस कमी आणि गाड्या जास्त दिसतात. घाटात पाऊस आडवा येत होता, खिडकीच्या काचेवर पाइपच लावल्यासारखा. परत आल्यावर पट्टीचे स्क्रू काढले, रिपेत मीटर टोचला, तेरा. आत मार्करनं तारीख आणि आकडा लिहून ठेवला. वायरी कुठून गेल्यात तेही मामानं तिथेच बाण काढून दाखवलंय.

डाव्या बाजूची भिंत अजून जुनीच आहे. तिकडे ऑनिंग नाही, पण वर तसाच पार्किंग दिवा आहे, आणि सिंकचा पाइप तिच्याच मागून जातो. ठोकून बघितलं तर आवाज टणक आहे, वास नाही. तरी दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ती उघडायची, असं मामानं ठरवून टाकलंय. रिवेट नट आत्तापासून आणून ठेवलेत.