मालवणच्या जेटीवर तिथी चुकलेली एक सकाळ

डिसेंबरच्या सुट्टीत मालवणला जायचे ठरले तेव्हा किल्ला पाहणे आणि तारकर्लीच्या वाळूत लोळणे हे घरच्या सर्वांचे बेत होते, आणि जेटीवर बसून गळाने मासे धरणे हा एकट्या माझा. त्यासाठी पुण्यातूनच सात फुटी रॉड आणि रीळ मागवले होते. गाठी कशा मारायच्या, शिसे किती वजनाचे लावायचे, याच्या चित्रफिती मी महिनाभर पाहत होतो, आणि दहा वर्षांच्या लेकीला रात्रीच्या जेवणाला आपण स्वतः धरलेला मासा असेल असे वचनही देऊन बसलो होतो.

शेवटच्या दिवशी घावणे-चटणीची न्याहारी सावकाश उरकून साडेनऊला आम्ही जेटीवर पोचलो. जवळच्या मासळी बाजारातून आमिषासाठी थोडी कोळंबी घेतली होती. विकणाऱ्या बाईंनी ती 'सुंगटा' म्हणून दिली आणि रॉडकडे पाहून किंचित हसल्या. समोर सिंधुदुर्ग उभा होता. १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्या कुरटे बेटावर त्याचा पाया घातला, त्या बेटाकडे पर्यटकांना नेणाऱ्या होड्या याच जेटीवरून सुटतात, हे मला ठाऊक असूनही त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. दर थोड्या वेळाने एखादी होडी इंजिनाचा धूर सोडत आमच्या दोरीवरून जाई आणि पाणी ढवळून गढूळ करी.

पहिल्या तासात गळ दोनदा होडीच्या दोरखंडात अडकला आणि एकदा खडकात. पाणी उतरत होते, त्यामुळे सकाळी न दिसणारे खडक एकेक करून डोके वर काढू लागले होते. अकराच्या सुमारास दोरीला खरा हिसका बसला. लेक ओरडली, मी घाईघाईने रीळ गुंडाळले, आणि वर आला तो मुठीएवढा केंड. जेटीवर येताच त्याने हवा भरून स्वतःचा चेंडू केला. केंड विषारी असतो आणि त्याचे दात गळाची दोरी सहज कापतात, एवढे मला वाचून माहीत होते. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा त्याने लगेच दिला. दोरी तुटली आणि तो गळासकट पाण्यात पडला. लेकीला मात्र हाच प्रसंग साऱ्या सहलीतला सर्वांत आवडला, हे तिने नंतर आजीला फोनवर सांगितले.

नायलॉनची दोरी लाकडाच्या तुकड्याला गुंडाळत बसलेले एक वृद्ध गृहस्थ हे सगळे पाहत होते. शेवटी त्यांनाच राहवले नाही. "आज अष्टमी. भांगाचा पाणी हा, वढ नाय. मासो खय गावतलो?" भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, पाण्याला ओढ नाही, मग मासा कुठे मिळणार, असे ते म्हणत होते. मी गोंधळलेला पाहून त्यांनी हिशेब समजावला: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीच्या आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, आणि सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, बरोबर दुपारी बाराला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात धावते, तर अष्टमीच्या भांगाला चंद्र-सूर्याची ओढ एका दिशेला नसल्याने ते फारसे चढतही नाही आणि उतरतही नाही. त्यातून भरत्या पाण्याबरोबर मासा खाण्यासाठी जेटीजवळ येतो, आणि आम्ही बसलो होतो ते नेमके ओहोटीचे तास. "चार वाजता येवा," ते म्हणाले.

आमच्या खोलीत पलंगाच्या डोक्यावर तिथ्यांचे कॅलेंडर टांगलेले होते. तीन दिवस मी त्याच खिळ्याला टोपी अडकवत होतो.

दुपारी आम्ही खाणावळीत सुरमई खाल्ली. वचनभंगाबद्दल लेकीने सोलकढीचा जादा पेला वसूल केला. पुण्याची बस साडेपाचची होती. रिक्षा पाच मिनिटे जेटीपाशी थांबवावी असा तिचा हट्ट चालला, तेव्हा पाणी चढून सकाळचे खडक दिसेनासे झाले होते आणि आमच्याच जागेवर ते आजोबा हातातली दोरी अलगद खालीवर करत बसले होते. त्यांच्या बादलीत दोन तांबोश्या होत्या. लेकीने त्या वाकून पाहिल्या आणि त्यांना विचारले, की केंड कुठे आहे.