उतारावरचं माळवद : आधी मागचं पाणी बघा

चित्रकार-शिल्पकार स्वतःचं घर बांधायला घेतात तेव्हा त्यांना दर्शनी बाजू आधी सुचते. टेकडीच्या उतारावर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर बिघडतं ते मागच्या बाजूनं. सोलापूरकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, तोवर सगळं देखणंच दिसतं.

घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून ५-६ फूट सोडून, दीड फूट खोल चर आधी खणा आणि घराला वळसा घालून खाली काढा. १०० फुटांना १ फूट उतार पुरतो. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढता येते. पाया काळ्या मातीवर नको. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खाली जा.

घरासाठी उतार कापला, की त्या कापलेल्या कडेला दगडी भिंत घाला. चुना-सिमेंट न घालता ४ फूट उंच करायची तर तळाशी २ फूट रुंद ठेवा. दर्शनी अंग फुटाला दीड-दोन इंच डोंगराकडे कललेलं असावं. दर २ फूट उंचीवर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड हवेत, नुसत्या चिपा कोंबून चालत नाही. भिंतीमागे फूटभर दगडगोटेच भरा. तिथं माती लोटली की पाणी अडतं आणि भिंत पोट काढते. सिमेंटमध्ये बांधून पाण्याला भोकं न ठेवणारे तर संकट विकतच घेतात.

आता माळवद. तुळयांवर दीड-दीड फुटावर कड्या (आडवी बारीक लाकडं), त्यावर किलचण (लाकडी चिपा-काटक्यांचा थर), मग कडुलिंबाचा पाला आणि ६ इंच पांढरी माती. चौरस फुटाला साधारण २५ किलो, म्हणजे १० बाय १२ च्या खोलीवर कोरडीच ३ टन! भिजल्यावर आणखी. म्हणून जुनी तुळई घेताना भिंतीत जाणारं टोक पटाशीनं टोचून बघा. वाळवी आणि कूज तिथूनच लागते. गढ्या उकरून माती आणू नका, पडक्या माळवदाचीच परत वापरा.

छताला १० फुटांत ३ इंच उतार द्या. पन्हाळ भिंतीबाहेर निदान दीड फूट काढा. आखूड पन्हाळीचं पाणी भिंतीवरून ओघळतं आणि एका पावसाळ्यात मातीचा गिलावा खाऊन टाकतं. पन्हाळीखाली शहाबादी फरशीचा तुकडा टाका, नाहीतर तिथंच खड्डा पडून पाणी पायात मुरतं.

स्टुडिओची मोठी खिडकी उत्तरेला घ्या. पश्चिमेला सवणंसुद्धा (उजेडासाठी ठेवलेलं छोटं भोक) नको, मे महिन्यात तिथं उभं राहवणार नाही.